‘थेट वाक्यावर नेणारी लिंक फक्त क्रोममध्ये चालते’ हे आता खरं नाही

एक सल्ला अजूनही फिरत असतो. पानावरच्या नेमक्या वाक्यापाशी नेऊन ते रंगवून दाखवणाऱ्या लिंका, म्हणजे टेक्स्ट फ्रॅगमेंट, वापरू नका म्हणे. कारणं चार दिली जातात: त्या क्रोमपुरत्याच आहेत, दुसरीकडे लिंक तुटते, तुम्ही काय वाचताय ते साइटला कळतं, आणि देवनागरीत त्या चालत नाहीत.

पहिलं कारण एके काळी बरोबर होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० मध्ये ही सोय आली, तेव्हा सफारी आणि फायरफॉक्स दोघेही बाहेरच होते. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये सफारी १६.१ ने ती घेतली आणि १ ऑक्टोबर २०२४ ला फायरफॉक्स १३१ ने. तिन्ही मोठी ब्राउझर-इंजिनं (ब्राउझरच्या आतली, पान उघडून दाखवणारी यंत्रणा) आता ही लिंक ओळखतात. इतकी वर्षं जुना सल्ला तारीख न बघता पुढे ढकलणं वाचकांवर अन्याय आहे.

लिंक तुटते, हेही नाही. जुन्या ब्राउझरला पत्त्यातल्या हॅशनंतरचा, म्हणजे # या चिन्हानंतरचा, भाग समजला नाही तर तो पान वरून उघडतो, बस्स. हॅशवरच सगळा कारभार चालवणाऱ्या काही साइट अशा वेळी गोंधळू शकतात, तेवढा अपवाद.

गोपनीयतेचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. २०२० मध्ये ब्रेव्ह ब्राउझरच्या संशोधकानेच तो जाहीरपणे मांडला होता. पण आक्षेप काय होता आणि फिरतंय काय, यात फरक आहे. हॅशनंतरचा मजकूर सर्व्हरकडे जातच नाही, त्यात हा खास भाग ब्राउझर पत्त्यातून आधीच काढून घेतो. खरी भीती वेगळी होती: पान आपोआप खाली सरकलं की नाही, हे त्रयस्थाने आडून ओळखलं, तर एखादा शब्द त्या पानावर आहे का याचा अंदाज बांधता येईल. म्हणूनच नियम कडक ठेवले. वापरकर्त्याच्या कृतीशिवाय दुसऱ्या साइटला अशी उडी मारायला लावता येत नाही. शब्दाचा तुकडा जुळत नाही, पूर्ण शब्दच लागतो, त्यामुळे एकेक अक्षर चाचपत पासवर्ड शोधता येत नाही. ज्या साइटला हे नकोच असेल तिला एक हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) पाठवून क्रोममध्ये ते बंदही करता येतं. धोका शून्य झाला असं मी म्हणणार नाही, पण लिंकमधलं वाक्य साइटच्या सर्व्हरकडे पोचतं, हे विधान चूकच आहे.

आता देवनागरी. लिंक चालते, फक्त पत्ता अक्राळविक्राळ दिसतो. यूटीएफ-८ या संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो. ‘मराठी’मध्ये म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं, म्हणजे पत्त्यात ४५ अक्षरं! ही टक्क्यांची माळ बघून लोकांना लिंक बिघडलेली वाटते. उपाय सोपा आहे: अख्खं वाक्य घालू नका. सुरुवातीचे दोन-तीन शब्द, स्वल्पविराम, शेवटचे दोन-तीन शब्द, एवढ्यावर मधला सगळा मजकूर रंगतो. तेच शब्द पानावर आधी कुठे येऊन गेले असतील तर अलीकडचा-पलीकडचा शब्द जोडायचीही सोय आहे. क्रोममध्ये मजकूर निवडून राइट-क्लिक केलं की तयार लिंकच हाती येते.

या लिंकांची खरी मर्यादा त्या सल्ल्यात नसतेच: मूळ पानावरचं वाक्य बदललं की खूण हरवते. म्हणून विश्वकोशातल्या लांबलचक नोंदीचा हवाला देताना लिंकबरोबर ते वाक्यही अवतरणात द्यावं. पण खूण कधी तरी हरवेल म्हणून आज वाचकाला वीस परिच्छेद चाळायला लावायचे, हे मला अजिबात पटत नाही. हवाला पडताळणं सोपं असेल तरच लोक तो पडताळतात, आणि मराठीत फिरणाऱ्या दाव्यांना त्याची फार गरज आहे.