तलवार बुलेटप्रूफ जॅकेट एका घावात चिरते म्हणे? त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा

आमच्या रामटेक-पारशिवनीकडच्या जवळपास सगळ्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरून राहिला अन् त्याखाली लांबलचक मेसेज. म्हणणं असं, की जे जॅकेट एके-४७ ची गोळी अडवते तेच जॅकेट आपल्या पूर्वजांच्या तलवारीनं एका घावात उभं चिरल्या जाते, कारण जुन्या पोलादात नॅनो टेक्नॉलॉजी होती, दांडपट्टा तं चिलखत कापायसाठीच बनवला होता, अन् आज सरकार जवानांच्या अंगावर जे चढवून राहिलं ते सगळं बोगस आहे. मी आखाड्यात पोट्ट्यांना लाठी-पट्टा शिकवतो, दसऱ्याला शस्त्रं मांडून पूजा करतो, तलवारीवर माझं प्रेम कोणापेक्षा कमी नाही, अन् म्हणूनच हे वाचून राहवलं नाही. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे हे खरं मानून चालले, मला येऊन विचारतात, दादा मग जॅकेट घालून फायदा काय?

आधी तो व्हिडिओच घ्या. शेताच्या धुऱ्यावर लाकडी खांब, त्याला जॅकेट बांधलेलं, फेटेवाला माणूस तिरपा वार घालतो अन् जॅकेट उघडते. आता तिथंच पॉज करा अन् झूम करून पाहा. आतून पांढरा, फुगीर, सोफ्यात असते तसला फोम बाहेर आलेला दिसते. खऱ्या जॅकेटात असं काही नसते. आत असते ते ॲरामिड कापड, म्हणजे केव्हलार वगैरे, रंगानं पिवळसर, एकावर एक वीस-तीस थर, नाही तं पॉलिइथिलीनच्या गुळगुळीत चादरी. अन् हे सगळं काळ्या बंद कव्हरात पॅक राहते, कारण ॲरामिडला ऊन अन् पाणी लागलं की त्याची ताकद उतरते. व्हिडिओत पिवळं कापड नाही, थर नाही, प्लेट नाही. लेबल पण एकदाही दाखवलं नाही, ज्याच्यावर कंपनी, लेव्हल, बनवल्याची तारीख लिहिलेली असते. नाटकाच्या ड्रेसवाल्याकडचं जॅकेट असंच कापल्या जाईल, त्याला पूर्वजांची तलवार कशाला पाहिजे, घरचा विळा पुरे.

अन् समजा जॅकेट खरं असतं तरी ती टेस्ट चुकीचीच होती. मागं टणक लाकूड असलं की कापड मागे दबत नाही, सगळा जोर धारेखाली राहतो. माणसाचं अंग दबते. म्हणून जिथं खरी तपासणी होते तिथं जॅकेटमागं काय ठेवायचं हेसुद्धा ठरलेलं असते. गोळीच्या टेस्टला मागे चिकणमातीसारखं मटेरियल असते अन् गोळी अडली तरी मातीत खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल पडला तं अमेरिकेच्या एनआयजे (तिथल्या न्याय खात्याची संशोधन संस्था) मानकात जॅकेट फेल. चाकूच्या टेस्टचं वेगळं मानक आहे, एनआयजे ०११५, सन २००० चं. त्यात माणूस वार करतच नाही, कारण माणसाचा वार कधी जोरात कधी हळू. उभ्या नळीतून ठराविक वजनाला ठराविक मापाचं पातं लावून वरून सोडतात, मागे फोमचे थर. पहिल्या लेव्हलला २४ ज्यूल (ज्यूल म्हणजे माराचा जोर मोजायचं माप), दुसरीला ३३, तिसरीला ४३, अन् पातं जॅकेटच्या आतल्या बाजूनं ७ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर निघालं की नापास. मग जोर वाढवून परत, ३६, ५० अन् ६५ ज्यूल, तिथं मर्यादा २० मिलिमीटर. एका फेटेवाल्याच्या एका घावापेक्षा ही गोष्ट किती वेगळी आहे ते तुम्हीच पाहा.

याच मानकात एक गोष्ट आहे जी सगळ्या तलवारप्रेमींनी लक्षात ठेवली पाहिजे. त्यात आडव्या वाराची, म्हणजे कापायची टेस्टच ठेवली नाही. काहून? तं भोसकणं अडवणं हेच खूप जास्त अवघड काम आहे, जे भोसकणं अडवेल ते कापणं अडवेलच. म्हणजे मेसेजमध्ये जो वार सगळ्यात भारी सांगितला तोच जॅकेटसाठी सगळ्यात सोपा.

आता मेसेजमध्ये जेवढं खरं आहे तेवढं पण सांगतो, कारण तिकडून काही पोट्टे उलटं म्हणून राहिले की गोळी अडते तं चाकूचं काय घेऊन बसले. तेही चूक आहे, अन् जास्त धोक्याचं आहे. पोलिसांच्या शर्टाखाली घालतात ते नरम, फक्त कापडाच्या थरांचं गोळीचं जॅकेट टोकदार हत्यारानं सरळ भोसकलं तं भेदल्या जाऊ शकते. ९ एमएमच्या गोळीत ६०० ज्यूलच्या आसपास जोर असते अन् हाताच्या वारात त्याच्यापेक्षा खूपच कमी, तरी असं होते. कारण गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ कव्हरातलं नरम शिसं, कापडावर आपटली की चपटी होते, रुंद होते, मग शेकडो धागे एकदम ताणल्या जातात अन् जोर पसरते. पोलादी टोक चपटं होत नाही. दाभणानं पोतं शिवताना पाहिलं असेल, पोतं कापायची गरजच पडत नाही, धागे बाजूला सरकतात अन् दाभण पार. तसंच बारीक टोक थरांमधून वाट काढते अन् मागून हात ढकलतच राहते, गोळीला मागून ढकलणारा कोणी नसते. म्हणून चाकूसाठीची जॅकेट वेगळी बनवतात, जास्त घट्ट विणलेली, राळ चढवलेली, कधी आत साखळीची जाळी किंवा पातळ धातूचे तुकडे. तेव्हा तलवार गोळीपेक्षा ताकदवान ठरत नाही. दोन वेगळ्या मारांना दोन वेगळे उपाय लागतात, एवढीच गोष्ट आहे. अन् तलवारीचं म्हणाल तं वक्र, रुंद पात्याच्या तलवारीचं टोक भोसकायला खंजिरापेक्षा कमजोरच.

एके-४७ चं तं प्रकरणच निराळं. त्या गोळीत २००० ज्यूलच्या आसपास जोर असते, नुसत्या कापडाच्या जॅकेटानं ती अडतच नाही, म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं पहिल्याच वाक्यात दोन वेगळी जॅकेट एक करून टाकली. रायफलीसाठी छातीवर अन् पाठीवर कडक प्लेट लागते. ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड हे सिरॅमिक, अन् मागे पॉलिमर. तलवारीचं कडक केलेलं पोलाद कडकपणा मोजायच्या विकर्स मापात साधारण ५०० ते ७००, ॲल्युमिना १५०० च्या वर, बोरॉन कार्बाइड ३००० च्या आसपास. त्याच्यावर तलवार मारली तं धारेला खांडे पडतील, प्लेट कापल्या जाणार नाही. मार बसेल, माणूस हेलपाटेल, ते वेगळं.

पोलादाचा मुद्दा मात्र मला खरंच जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा थांबतो. आपलं पोलाद भारी होतं यात शंकाच नाही. आमच्याच तालुक्यात नायकुंडला महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली, मातीच्या विटांची, भात्याच्या नळ्यांसकट, इसवी सनाआधी सातव्या शतकाच्या आसपासची. विदर्भाच्या खाली तेलंगणात कोनासमुद्रमला उक्कू, म्हणजे जास्त कार्बनचं नामांकित पोलाद बनत होतं अन् इराणचे व्यापारी तिथंवर यायचे. इंग्लंडात मायकेल फॅरेडेनं त्या पोलादावर प्रयोग केले. अन् हो, २००६ साली ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत, म्हणजे अशाच उक्कू पोलादाच्या तलवारीत, कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) दिसल्या, ते नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. पण पोलादात नॅनोट्यूब दिसल्या याचा अर्थ ते पोलाद सिरॅमिक कापते असा कोणीच काढला नाही, शास्त्रज्ञांनी पण नाही. उक्कूत कार्बन दीड टक्क्याच्या आसपास राहते, त्यानं धार सुंदर टिकते पण पातं ठिसूळ व्हायचा धोका पण वाढते. ज्या लोहारानं हे सांभाळून तलवार घडवली त्याचं कौतुक तेवढ्यासाठीच करा ना, ते काय कमी आहे?

अन् आपल्याच नागपूरकर भोसल्यांची गोष्ट पाहा. पहिल्या रघुजीराजांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं ४७ लाखांत विकत घेतली. त्या तलवारीवर सोन्यानं देवनागरीत सेनासाहेबसुभा रघोजी भोसल्यांचं नाव अन् पुढे ‘फिरंग’ (परदेशी पात्याची तलवार) लिहिलं आहे, अन् पातं युरोपात बनलेलं आहे. आपले सरदार चांगलं पातं जिथून मिळेल तिथून घेत होते, मूठ आपल्या हाताला बसेल अशी लावत होते. जादूच्या पोलादावर त्यांचं काही अडलेलं नव्हतं.

दांडपट्टा चिलखत कापायसाठी बनवला, हे तं ज्यानं कधी पट्टा हातात धरला नाही तोच लिहू शकते. पट्ट्याचं पातं लांब, सरळ, पातळ अन् लवचिक राहते, हात कोपरापर्यंत खोबळ्यात जाते, मनगट वाकत नाही, फिरवायचं ते खांद्यातून अन् कंबरेतून. चारी बाजूनं घेरल्या गेल्यावर माणसं दूर ठेवायला त्याच्यासारखं हत्यार नाही, २०२४ च्या शिवजयंतीला त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं ते योग्यच केलं. पण लवचिक पातं कडक वस्तूवर आपटलं की वाकते अन् घसरते. चिलखत भेदायचं असलं तं जुने लोक त्यासाठी वेगळं हत्यार ठेवायचे, टोकाशी मुद्दाम जाड केलेली कट्यार, जी कड्यांमध्ये घुसून कडी फोडते. तलवारीनं चिलखत सरसकट कापल्या जात असतं तं ही कट्यार कोणी घडवली असती का?

सगळ्यात मोठा पुरावा तं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, पागोट्याखाली शिरस्त्राण होतं. खानानं वार केला अन् तो चिलखतावर खरडत गेला. महाराजांचा चिलखतावर विश्वास होता, त्यांनी पूर्ण विचार करून ते घातलं होतं, अन् त्यांचंच नाव घेऊन आपण आज पोरांना सांगून राहिलो की पात्यापुढे चिलखत फालतू असते.

राहिला सरकारनं बोगस जॅकेट दिल्याचा मुद्दा. कुठल्या खरेदीत काय घोटाळा झाला हे तपासायला ऑडिट आहे, कोर्ट आहे, तिथं प्रश्न जरूर विचारा. पण तलवारीच्या व्हिडिओनं त्यातलं काहीच सिद्ध होत नाही. भारताचं स्वतःचं मानक आहे, आयएस १७०५१, २०१८ चं, गोळ्यांच्या सहा लेव्हल. डीआरडीओच्या (देशाची संरक्षण संशोधन संस्था) कानपूरच्या लॅबनं २०२४ मध्ये सहाव्या लेव्हलचं हलकं जॅकेट तयार केलं, रायफलीची ७.६२ × ५४ मापाची चिलखतभेदी गोळी अडवणारं, चंदीगडच्या लॅबमध्ये तपासलेलं. आमच्या शेजारी गडचिरोलीच्या जंगलात सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकाचे जवान उन्हाळ्यात असलं वजन घेऊन चालतात, त्यांच्या घरच्यांच्या मोबाईलवर हा मेसेज पोचल्यावर त्यांना काय वाटत असेल याचा विचार फॉरवर्ड करणाऱ्यानं करायला पाहिजे होता.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. ही टेस्ट घरी करून पाहायची म्हणून कोणी तलवार बाहेर काढू नका, ९ इंचांपेक्षा लांब पात्याचं हत्यार घेऊन मिरवलं की शस्त्र कायद्याचं कलम ४/२५ लागते, केक कापणाऱ्यांवर लागून राहिलं ते पेपरात रोज वाचताच, अन् भरतीच्या पोट्ट्याच्या नावावर गुन्हा आला की वर्दी गेली. दुसरं, आपल्याकडचे जे लोक नागपूरला कॅश व्हॅनवर, एटीएमवर गार्डची ड्युटी करतात, त्यांनी जॅकेट मिळालं की आतलं लेबल वाचा. त्यावर फक्त गोळीची लेव्हल असेल तं ते चाकूसाठी नाही. चाकूचं संरक्षण असेल तं ते वेगळं लिहिलेलं राहते. बनवल्याची तारीख पाहा, वॉरंटी बहुतेक पाच वर्षांची असते. पॅनल धुऊ नका, उन्हात वाळवू नका, फक्त वरचं कव्हर काढून धुवा. अन् जॅकेट कितीही चांगलं असलं तरी मान, काख, हात अन् मांड्या उघड्याच राहतात, धारदार हत्यारवाला समोर आला तं आधी अंतर ठेवा अन् मागे सरका.