म्हणे दीर्घिका विश्वापेक्षा म्हाताऱ्या!

"समूहांमधल्या दीर्घिका १६०० कोटी वर्षांच्या निघाल्या, विश्व मात्र १३८० कोटींचं. महास्फोट खोटा ठरला, शास्त्रज्ञ दडवून ठेवताहेत." ही पोस्ट तीन ग्रुपवर वाचून सोडून दिली होती. काल मामांनी पाठवली, खाली 'आता बोल!' असा शेरा. बोलते.

आधी ते १६०० कोटी. दीर्घिकेचा (गॅलेक्सीचा) जन्मदाखला कुणाकडेच नसतो. तिच्यातल्या असंख्य ताऱ्यांचा एकत्र मिसळलेला प्रकाश आपल्यापर्यंत येतो. त्याचा वर्णपट, म्हणजे रंगारंगांत विभागलेला प्रकाश, घ्यायचा आणि वेगवेगळ्या वयाच्या ताऱ्यांच्या मॉडेलांशी ताडून पाहायचा. यातली काही मॉडेलं १७०० कोटी वर्षांच्याही पुढे जातात, कारण ताऱ्यांच्या गणितात विश्वाचं वय आधी धरलेलंच नसतं. त्यामुळे १६०० हा आकडा कधी कधी येतो, हे मान्य. पण इतक्या जुन्या ताऱ्यांच्या वयात दोन-तीनशे कोटींची चूक सहज राहते. पोस्टवाल्याने आकडा ठेवला आणि त्यापुढचं 'अधिक-उणे' खाल्लं.

मला खरा राग आला तो त्याच पोस्टमधल्या 'लाल म्हणजे म्हातारी' या वाक्याचा. निळे, जड तारे लवकर संपतात आणि लाल मागे उरतात, एवढं बरोबर. पण लोहासारखी मूलद्रव्यं जास्त असली तरी दीर्घिका लाल दिसते, मध्ये धूळ असली तरीही लालच. खगोलशास्त्रज्ञ गाय वर्थी यांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं की वय तिप्पट केलं आणि ही मूलद्रव्यं निम्मी केली, तर रंग जवळपास तोच राहतो. म्हणून तर वय ठरवायला रंग पुरत नाही, वर्णपटातल्या हायड्रोजनच्या रेषा मोजाव्या लागतात. २०२२ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांतल्या रंगांवरून एक दीर्घिका महास्फोटानंतर अवघ्या २५ कोटी वर्षांनीची असेल असं वाटलं होतं. पुढच्या वर्षी वर्णपट घेतला, तर निघाली साधारण १२० कोटी वर्षांनंतरची! आणि ही चूक खगोलशास्त्रज्ञांनीच शोधून जाहीर केली. दडवतात म्हणे.

पोस्टमधलं 'समूहातल्या दीर्घिका सगळ्या मेलेल्या' हे अर्धसत्य. दीर्घिकांच्या दाट समूहांत तारे घडवणं थांबवलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका जास्त असतात, हे खगोलशास्त्रज्ञ ड्रेसलर यांनी १९८० मध्ये ५५ समूह तपासून दाखवलं. २००५ मध्ये थॉमस आणि सहकाऱ्यांनी १२४ दीर्घिकांचा अभ्यास केला. त्यात जड लंबवर्तुळाकार दीर्घिकांपैकी गर्दीतल्या, विरळ भागातल्यांपेक्षा सरासरी २०० कोटी वर्षांनी जुन्या निघाल्या. शेजारणीपेक्षा जुन्या, विश्वापेक्षा नव्हे. आणि 'सगळ्या' कुठल्या? फिनिक्स नावाच्या दीर्घिका-समूहाच्या मध्यावरची दीर्घिका वर्षाला शेकडो सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडवते आहे.

राहिला महास्फोट. तो एका लाल ठिपक्यावर उभा नाही.

पोस्टमध्ये एकाही दीर्घिकेचं नाव नाही, वर्णपट कुठल्या दुर्बिणीचा तेही नाही. मामा, तेवढं त्या पोस्टवाल्याकडून मागवून घ्या, मग पुढचं बोलू.