दोन हातांत न मावणारा किडा

माशाला फसवायला किडा बनवायचा, एवढंच काम आहे हो. हुकवर पिसं, लव आणि दोरा गुंडाळायचा आणि पाण्याखाली दगडाला चिकटून बसणाऱ्या अळीसारखं काहीतरी उभं करायचं, त्याला निम्फ म्हणतात, गार नद्यांतल्या ट्राउट माशाला तो आवडतो, आणि घरच्या घरी सहज जमतो असं झाडून सगळे व्हिडिओवाले सांगतात. व्हिडिओतला माणूस चार मिनिटांत करून दाखवतो आणि त्यातला निम्मा वेळ तो स्वतःच्या कुत्र्याबद्दल बोलत असतो. मी टेबलाशी बसते तेव्हा बाहेर चांगला उजेड असतो, उठते तेव्हा घरातले जेवून झोपलेले असतात.

नवरा सुरुवातीलाच म्हणाला होता, "अगं रेडिमेड मिळतात की." मी म्हटलं घरी केलं की स्वस्त पडतं. हे वाक्य या नादाला लागलेला प्रत्येक जण बोलतो, मनापासून बोलतो. मग हुक धरून ठेवणारा वाइस येतो, दोऱ्याची बॉबिन येते, वेगळी कात्री, वेगळा लॅम्प, पिसं धरायचा वेगळा चिमटा, फेझंट पक्ष्याची अख्खी शेपटी, सशाच्या तोंडावरची लव पाकिटात, मोरपिसं, मेण, वार्निश. हे सगळं वसूल करायचं तर मला पुढचा जन्मही नदीतच उभं राहावं लागेल.

निम्फच का, तर ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच उरकतं. मेफ्लाय नावाचा किडा घ्या, त्याची बरीचशी हयात तळाशी अळीच्या रूपात जाते, पुष्कळ जातींत वर्षभर, मग पंख फुटतात आणि पुढे जेमतेम एखाद-दोन दिवस जगतो, त्यातही खाण्याजोगं तोंडच नसतं बिचाऱ्याला. म्हणजे माशाच्या दृष्टीने जेवण वर्षभर खाली वाढलेलं असतं, वर फक्त समारंभ. हे इतकं उघड असूनही इंग्लंडात बरेच सभ्य गृहस्थ पाण्यावर तरंगणारी माशीच तेवढी सोवळ्यातली मानायचे, आणि १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात चक्क वादसभा भरली, निम्फने मासा पकडणं शिष्टसंमत आहे का यावर. मोठमोठी माणसं सूटबूट घालून, खोटा किडा पाण्याच्या वर ठेवावा की खाली यावर भांडत होती. माशाला कुणी विचारलं नाही.

असो. तर हुक. यांचे नंबर उलटे असतात, १४ पेक्षा १६ लहान, १६ पेक्षा १८ लहान, आणि दोऱ्याचंही तेच, ६/० पेक्षा ८/० बारीक. नंबर जितका वाढेल तितकी वस्तू दिसेनाशी होणार. ही पद्धत ज्याने काढली त्याच्या घरी चष्म्याचा धंदा असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग मणी. तो टंगस्टनचा, कारण टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड, आणि निम्फ पटकन तळाला गेला पाहिजे ना. आधी हुकचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, मग मणी ओवायचा. मण्याला एका बाजूला लहान भोक, दुसऱ्या बाजूला मोठं, आणि लहान भोक हुकच्या डोळ्याकडे, म्हणजे दोरी ओवतात त्या टोकाकडे, आलं पाहिजे. हे मला नीट माहीत आहे, पण मण्याला चिमट्यात राहायचं नसतं. इतकी जड वस्तू, उडायला नको खरं तर, पण उडते, मग फरशीवर टण्ण, मग घरंगळल्याचा आवाज, मग शांतता. घरात कुणीतरी अनवाणी चालेपर्यंत तो सापडत नाही.

पुढचा भाग ऐका नीट, कारण खरी फजिती इथे सुरू होते. फेझंटच्या शेपटीचे तीन-चार तंतू शेपूट म्हणून बांधायचे, तिथेच तांब्याची बारीक तार बांधायची, मग तेच तंतू पुढे गुंडाळत पोट करायचं आणि त्यावरून तार उलट्या दिशेने फिरवायची, म्हणजे माशाच्या दातांनी तंतू तुटले तरी सगळं उलगडत नाही. वाचायला किती सोपं आहे बघा. आता हात मोजा. एका हातात बॉबिन, दुसऱ्या हाताच्या चिमटीत तंतू, आणि तंतू सोडले की ते लगेच सुटून ताठ उभे राहतात, बॉबिन सोडली तर ती आपल्याच वजनाने लटकते एवढाच काय तो दिलासा, पण त्याच क्षणी नाकाला खाज सुटते. ती सुटतेच. वाइस फक्त हुक धरतो, बाकी कशाची जबाबदारी घेत नाही. शिवाय सशाची लव हवेत उडते म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, कुणी खोलीत आलं तर दार हळू उघडा, आणि शिंक आली तर ती परत गिळा, कारण शिंकलं की उद्याच्या चार निम्फांचा माल पडद्यावर जाऊन बसतो.

विल्टशरमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर म्हणून एक गृहस्थ होते, फेझंट टेल निम्फ त्यांचाच. त्यांनी त्यात दोरा वापरलाच नाही, नुसती तांब्याची तार, तीच वजन देते आणि तीच बांधते. मला वाटलं वा, एक भानगड कमी. पण दोरा निदान ढिला पडून माफी तरी मागतो, तार एकदा वाकडी झाली की वाकडीच, आणि जास्त ओढली तर तुटून अंगठ्यात. त्या माणसाचे हात कसले असतील याचा मी बराच वेळ विचार केला, तेवढ्यात पोटाचे तंतू सुटले.

पाठीवरचं कवच म्हणून तंतू मागून पुढे दुमडायचे, त्याखाली मोरपिसाच्या तंतूंची गुबगुबीत छाती, आणि शेवटची गाठ डोळ्याच्या मागे मारायची. इथे जागा उरलेली नसते. कधीच नसते, मी सुरुवात कितीही मागून केली तरी. आणि त्या गाठीसाठी एक वाकडातिकडा तारेचा यंत्रप्रकार मिळतो, तो फिरवला की दोरा दोऱ्याखाली दबून गाठ बसते म्हणे. मी तो फिरवला की दोरा यंत्राला बसतो.

सासूबाई मागे उभ्या होत्या. "काय गं, काजं करतेयस का?"

"नाही आई, किडा."

"बरं," म्हणाल्या, मला सरकवून बसल्या, ते यंत्र बाजूला ठेवलं, बोटानेच दोऱ्याचा फास केला, चार-पाच वेढे, हलकेच ओढलं. गाठ बसली. चष्माही घातला नव्हता. मग निम्फकडे बघत विचारलं, "आता याचं काय करायचं?"

"नदीत टाकायचा."

"एवढं करून?"

मी म्हटलं दगडात अडकून तुटला नाही तर परत येतो. त्या काही बोलल्या नाहीत, पण उठताना माझ्या नवऱ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला समजली. खरं सांगायचं तर तळाशी फिरवायचा म्हटल्यावर तो अडकतोच, आणि जो सगळ्यात देखणा जमला असेल तोच पहिल्यांदा. ट्राउटला देखणेपणाचं काही नसतं, चावून चावून पार पिंजारलेला निम्फ जास्त चालतो असं मुरलेले लोक सांगतात. मग मी तो आधीच पिंजारलेला बनवते हे चांगलंच की.

शेवटी डोक्यावर वार्निशचा एक थेंब. एकच. सुईच्या टोकावर घेऊन लावायचा, तो गाठीवर न थांबता सरळ हुकच्या डोळ्यात शिरतो आणि वाळतो. घरी हे कळत नाही. कळतं ते नदीवर, गुडघाभर गार पाण्यात, बोटं बधिर झालेली असताना, जेव्हा ०.१५ मिलिमीटरची दोरी त्या भोकातून जायलाच तयार नसते आणि समोर मासे आरामात जेवत असतात. उपाय आहे, दुसऱ्या निम्फच्या हुकचं टोक घालून भोक मोकळं करायचं. त्या दुसऱ्याचं भोकही बंदच असतं, पण टोकाला काय, टोक चालतं.