‘सोपान’ म्हणजे सोपा नव्हे

‘सोपान’ हे नाव ‘सोपा’ या शब्दावरून आले असून त्याचा अर्थ ‘साधा, सरळ’ असा होतो, हे मी वाचलेल्या एका लेखातील विधान मला मान्य नाही. सोपान हा मूळ संस्कृत शब्द असून त्याचा अर्थ पायऱ्या किंवा जिना असा आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चारही भावंडांची नावे एका ओळीत वाचली, की संसारातून निवृत्त होऊन, ज्ञान मिळवून, पायरी चढत मुक्तीपर्यंत जाण्याचा क्रम आपोआप उलगडतो, आणि वारकरी कीर्तनांत तो आवर्जून सांगितला जातो.

माझ्या आजोबांचे नाव सोपान होते. आमचे घराणे वारकरी. सासवडला कऱ्हेकाठी सोपानकाकांच्या समाधीवर डोके टेकवून आल्यावर पणजोबांनी हे नाव ठेवले, असे घरात सांगत. कवी सोपानदेव चौधरी, म्हणजे बहिणाबाईंचे चिरंजीव, यांचा उल्लेखही लेखात हवा होता. आमच्या गावात आजोबांच्या पिढीत तीन सोपान होते, आज नातवंडांत एकही नाही. माझ्या पुतण्याच्या बारशाला मी हेच नाव सुचवले, तेव्हा ते ‘जुने’ म्हणून बाजूला पडले, याचे मला आजही वाईट वाटते.