कळु साइ, दोणी आणि आमचं कन्नड

मालदीवमध्ये तीन वर्षं गणित शिकवून गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या खानापूरला परत आले. तेव्हापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, "समुद्रातल्या त्या काचेच्या हॉटेलात राहिलीस काय गं?" नाही बाबांनो. ती हॉटेलं वेगळ्या बेटांवर असतात आणि माझ्या पगारात तिथं चहासुद्धा परवडला नसता. मी होते ते बेट अर्ध्या तासात चालून संपायचं. एक शाळा, एक मशीद, दवाखाना, चार दुकानं. बोट लागली की सगळा गाव जेटीवर. त्या देशात अशी 1,192 बेटं आहेत, त्यातल्या दोनशेच्या आत बेटांवर वस्ती. जमिनीची सरासरी उंची दीड मीटर. बेळगावला जाता-येता राजहंसगड बघायची सवय असलेल्या माणसाला पहिले पंधरा दिवस नजर कुठं टेकवावी तेच कळत नाही.

शाळा रविवार ते गुरुवार. इस्लाम आणि धिवेही, म्हणजे तिथली भाषा, शिकवायला तिथलेच शिक्षक, गणित-विज्ञानाला आमच्यासारखे बरेच बाहेरचे, त्यात केरळ-तमिळनाडूचे जास्त. माध्यम इंग्रजी. म्हणून मला वाटलं होतं, धिवेही शिकायची गरज पडणार नाही. पण पोरं बेरीज करताना बोटं मोडत तोंडातल्या तोंडात आपल्या भाषेतच मोजतात ना! एकदा कान देऊन ऐकलं : एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते... मी फळ्यासमोर थांबलेच. हे तर आपलेच आकडे! सहाचं हये, साताचं हते, म्हणजे स चा ह झालाय. पाचाचं फहे, पाण्याचं फेन, म्हणजे प चा फ. नंतर कळलं की धिवेही आपल्या मराठीच्याच कुळातली भाषा. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे, आणि तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घडलेली. गणिताच्या बाईला आणखी काय पाहिजे?

मग शब्द गोळा करायचा नादच लागला. कोऱ्या चहाला ते कळु साइ म्हणतात. कळु म्हणजे काळा, आणि त्यातला ळ अगदी आपला, खणखणीत. खुशाली विचारायची ती "हालु किहिने?" आणि उत्तर "बराबरु". होडीचं नाव इंग्रजीत धोनी असं लिहितात, त्यामुळे मला आधी क्रिकेटवाला आठवला. पण जेटीवर म्हातारे बोलायचे ते ऐकलं आणि पाचवीतलं कन्नडचं पुस्तक डोळ्यांपुढं आलं. दोणी! कन्नडात होडी म्हणजे दोणीच. चहा मराठीनं ओळखला, होडी कन्नडनं.

मोठ्या बहिणीला तिथं दत्त म्हणतात, आपण अक्का म्हणतो तसं. शेजारच्या दत्तनं मला भाचीसारखं सांभाळलं. पण फोनवर "आज दत्तनं मासे पाठवले" म्हटलं की आई तिकडं हात जोडायची, आणि गुरुवार असला तर तिचा जीवच जायचा.

सगळं गोड नव्हतं. पगार रुफियात. डॉलरचा सरकारी भाव 15.42, पण बँक घरी पाठवायला देणार ते महिन्याला मोजके डॉलर; बाकीचे बाहेरून चढ्या भावानं घ्या. जायच्या आधी एजंटानं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. गणपतीची मूर्ती न्यायला कायद्यानं बंदी. वाटीत तांदूळ, तांदळावर सुपारी, दार लावून हळू आवाजात आरती. भारतीय सैनिकांनी परत जावं म्हणणाऱ्या 'इंडिया आउट' मोहिमेचा जोर होता तेव्हा रात्री झोप यायची नाही. रोख सैनिकांवर आहे, शिक्षकांवर नाही, हे कळत होतं, पण भिंतीवरचं अक्षर वाचताना पोटात गोळा यायचाच. त्याच आठवड्यात दत्तनं नेहमीसारखी सकाळची रोशी, म्हणजे तिथली चपाती, आणि मासहुनी, म्हणजे खोबऱ्यात कालवलेला मासा, दिली, त्या विषयावर एक शब्द न बोलता.

आणि रोजचा प्रश्न, "मिस, इंडियात कुठं?" बेळगाव कुणाला माहीत असणार? बंगळूर मात्र घरोघरी माहीत, कारण मोठं दुखणं निघालं की तिथले लोक त्रिवेंद्रम नाहीतर बंगळूर गाठतात. म्हणून मी सांगायची, "कर्नाटक, बंगळूरच्या बाजूची." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. आमचे बाबा दर 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आमचा भाग महाराष्ट्रात नाही म्हणून दंडाला काळी फीत बांधून फेरीला जातात. त्यांच्या पोरीनं हे म्हणावं!

आता खरं बोलायचं ते बोलते. माझ्या मोडक्या धिवेहीचं अख्ख्या बेटानं कौतुक केलं. दोन वाक्यं जुळवली तर दुकानदार बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा. इथं मी दहावीपर्यंत कन्नड शिकले, चांगलं बोलते, पण "छान बोलतेस" असं आजपर्यंत एकाही माणसानं म्हटलेलं नाही. शब्द चुकला तर मात्र "इतकी वर्षं कर्नाटकात राहून?" हे ठरलेलं. तिथं माझी भाषा भेट होती, इथं ती थकबाकी आहे. याचा राग मला आहेच. पण परत आल्यावर दुसरंही टोचलं. आमच्या गल्लीतले कन्नड दुकानदार अण्णा माझ्या जन्माआधीपासून आमच्याशी मराठीत बोलतात. त्यांना तरी आम्ही कधी म्हटलंय?

मराठी शाळांना शिक्षक मिळावेत, सरकारी कागद मराठीत मिळावेत, ही मागणी माझीही आहे आणि ती सोडायची नाही. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा 2004 चा दावा सुप्रीम कोर्टात आहे, लागेल तेव्हा निकाल लागेल. पण पोरांना मुद्दाम कच्चं कन्नड ठेवायचं आणि त्याला अस्मिता म्हणायचं, हे मला पटत नाही. नुकसान कुणाचं होतं? सरकारचं तर नाही. कमेंटमध्ये शिव्या येणार हे माहीत आहे. मराठीत द्या, कन्नडात द्या, दोन्ही कळतात.

बाबांना डॉक्टरांनी दुधासाखरेचा चहा बंद केलाय. परवा सकाळी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कळु साइ ठेव." मी विचारलं, "कन्नडात काय म्हणतात, माहीत आहे?" ते म्हणाले, "न शिकता साठ वर्षं काढली काय गं इथं? कप्पु चहा." आणि पान उलटलं.