जुन्या वाड्यातल्या अर्थिंगच्या कामाबद्दल: ग्राहकाच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई. "गीझरचा शॉक बघायला बोलावलं, तर नळाच्या पाइपांना वायरी बांधून साडेआठ हजार घेतले, आणि आता पाणी आलं की लाइट जाते," असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय.

आधी आमची चूक. काम वाढतंय म्हटल्यावर पोरांनी खर्च सांगून मगच भिंतीला हात लावायचा होता. ते झालं नाही. मजुरीतले आठशे परत करतो, न्हाणीघरातली भोकंही बुजवून देतो.

पण ती हिरवी वायर, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारं अर्थिंग, काढणार नाही. गीझर ठणठणीत होता. वाड्याचं अर्थिंग कुणीतरी फार पूर्वी नळाच्या जीआय पाइपला बांधलेलं. पाइप लोखंडी, थेट जमिनीत गेलेला, म्हणून चालून गेलं. मग प्लंबरने जिन्याखालचा गंजका तुकडा कापून सीपीव्हीसी बसवला. झालं! हातभर प्लास्टिकने जमिनीशी नातं तुटलं, वायर मात्र पाइपलाच राहिली. आता घरात कुठेही विजेचं लीकेज झालं की ते नळावर येणार. टाकीची मोटार लावली की नळ आणि ओल्या फरशीत मीटर सत्तर व्होल्ट दाखवत होता, बंद केली की शून्य. म्हणून मागच्या अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, बोर्डाचं अर्थिंग तिथे नेलं, आणि पाइपाचा रंग खरवडून क्लॅम्पने तोही त्यालाच जोडला. शेजारचे म्हणतात नळालाच अर्थिंग असतं. अहो, नळाला ते द्यावं लागतं.

पाणी आलं की तुम्ही मोटार लावता, लाइट जाते ती त्या मोटारीमुळेच. जुन्या १६ अँपियरच्या एमसीबीला, म्हणजे लोड वाढला की पडणाऱ्या स्विचला, एवढंसं लीकेज कळत नव्हतं. नवी आरसीसीबी, म्हणजे लीकेज ओळखून लाइट तोडणारा स्विच, ३० मिलिअँपियरलाच पडते. मोटार दाखवून घ्या, हे पोरांनी तुमच्या सासूबाईंना तोंडी सांगितलं, बिलावर लिहिलं नाही. तेही आमच्याकडूनच राहिलं.

रविवारी सकाळी मी स्वतः येऊन मोटार वाइंडिंगवाल्याकडे नेतो. तोवर ती लावू नका, आणि कुणी कितीही सांगितलं तरी आरसीसीबी बायपास करू देऊ नका.

आणि हो, उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, खड्डा सुकतो. आठवड्याला बादलीभर पाणी ओता. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं ते मलाही ठाऊक आहे. भांडी विसळलेलं चालेल.