व्हायोलिन थांबवा, मला रडायचंय

रविवारी कोथरूडला एक नवा मराठी सिनेमा पाहिला. नाव सांगत नाही, उगाच खाली भांडणं नकोत. त्यात वडील जातात. मुलगा गावाहून येतो, दारात चपला काढायला वाकतो, आणि तो सरळ उभा राहायच्या आत व्हायोलिनं सुरू! नट चांगला होता हो. त्याचा हात दाराच्या कडीवर जरा जास्त वेळ रेंगाळला, तेवढ्यानंच माझ्या घशाशी आलं होतं. पण संगीतानं खांद्यावर हात टाकून "रडा आता" म्हटलं आणि माझं रडू पार आटलं.

परत येताना प्रभात रोडवरून आले, त्यामुळे 'कुंकू' आठवणं ओघानंच आलं.

१९३७ चा सिनेमा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी तो इथेच, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात केला. नीराला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात आणि ती ते लग्न मानायला साफ नकार देते. इतक्या स्फोटक गोष्टीला बापूंनी पार्श्वसंगीतच दिलं नाही. ऐकू येतं ते त्या घरातलंच काहीबाही. गाणी आहेत, पण त्यांच्यामागेही नेहमीचा वाद्यमेळ नाही. संगीतकार कोण, तर केशवराव भोळे! इतक्या जाणत्या माणसानं हात आखडता घ्यायला होकार दिला, याचं मला बापूंच्या कल्पनेइतकंच कौतुक वाटतं.

आणि काळ बघा. 'अयोध्येचा राजा', म्हणजे पहिला मराठी बोलपट, १९३२ चा, आणि तोही बापूंचाच. मराठी सिनेमाला वाचा फुटून जेमतेम पाच वर्षं झालेली. अशा वेळी पडद्यावरचा आवाज कमी करायचा म्हणजे नव्या नवरीनं दागिने काढून ठेवण्यासारखं. (हाच माणूस पुढे १९५९ मध्ये 'नवरंग' करतो. तिथे मात्र सगळे दागिने एकदम!)

याचा परिणाम काय होतो? म्हातारा आणि नीरा समोरासमोर आले की कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे संगीत सांगत नाही. नीराचा संताप तर पटतोच, पण म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या केशवराव दात्यांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून त्याचीही कीव येते, आणि ती आल्याबद्दल स्वतःचाच राग येतो. मागे सारंगी वाजत असती तर हा घोळ मनात झालाच नसता. त्या घरातलं घड्याळही मग नुसती वेळ सांगत नाही, म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य मोजत राहतं.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) वेगळ्या तऱ्हेनं हेच घडतं. डुक्कर पकडायची धावपळ ऐन रंगात आलेली आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी थिजतात. तो आवाज गावातला आहे, दिग्दर्शकानं वरून ओतलेला नाही, म्हणून तर आपणही खुर्चीत अवघडतो. हसायचं, उभं राहायचं की मान खाली घालायची?

संकलन करणाऱ्या एका मित्राकडे हे सगळं ओकले. तो म्हणाला, "अगं, निर्माते ऐकत नाहीत. जरा शांत जागा गेली की लोक मोबाइल काढतात, म्हणतात."

रविवारी माझ्या पुढच्या रांगेत तिघांनी काढले होते. व्हायोलिनं चालू असताना.